वहिनींची लेन्स

आमचा कारखाना फक्त लेन्स बनवतो, कॅमेरे दुसऱ्याच कंपनीचे. लेन्स बसवली की कॅमेरा विचारतो, तू कोण? आमच्या लेन्सने सांगायचं, तुमच्याच घरची. हे खोटं बोलायला तिला शिकवायचं, ते काम वहिनींचं; कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणतात.

घरीही त्यांची तीच गत. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. आपली लेक वारली हे सासूबाईंच्या ध्यानातच राहत नसे. बेल वाजली की त्या आतून विचारत, "कोण?" वहिनी नणंदेच्या आवाजात म्हणत, "मी गं आई." मगच दार उघडे.

परवा कॅमेरा कंपनीने सॉफ्टवेअर बदललं आणि कॅमेरा आमची एकही लेन्स ओळखेना. मेल्यांनी पोटावर पाय दिला, साधं कळवलंही नाही! साहेबांनी दुपारीच सगळ्यांना घरी धाडलं. वहिनींचा चेहरा पार उतरला होता, म्हणून मी सोबत गेले.

त्यांनी बेल दाबली.

"कोण?"

"मी गं आई."

सासूबाई दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "माझी लेक मघाशीच आली. तू कोण?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं आई?"

वहिनी इतकी वर्षं ज्याची नक्कल करत होत्या, तो हाच आवाज.