ढोल्यांच्या नावाची लाल टाचणी

मध्य प्रदेशात होमगार्डला नगर सैनिक म्हणतात. मी भोपाळला नगर सैनिक होते. शिक्षण चौथी पास. नवरा सरकारी कारखान्यात क्रेन चालवायचा, म्हणून वर्ध्याहून इथे आलो आणि टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहिलो. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मी भरती झाले. ज्या दिवशी ड्यूटी, त्या दिवसाचे पैसे. टाउनशिपच्या दवाखान्याचं कार्ड फक्त कारखान्याच्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना मिळायचं. माझं नवऱ्यामुळे होतं. बाकी सैनिकांना नव्हतं.

माझी पोस्टिंग टाउनशिपच्या चौकीत होती. आमचे हवालदार इंगळे अकोल्याचे. फौजेतून रिटायर होऊन आलेले. ते सगळ्यांना जवान म्हणायचे, मलाही. "ए जवान, पदर खोच, परेड आहे." चहा स्वतः करायचे आणि तो अत्यंत वाईट असायचा. आम्ही प्यायचो.

त्या पावसाळ्याआधी इंगळ्यांनी एक काम काढलं. आदल्या साली नाल्याचं पाणी खालच्या क्वार्टरमध्ये शिरलं होतं आणि कुणाला आधी काढायचं हेच कळलं नव्हतं. इंगळे दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. कोणत्या घरात कोणतं औषध जातं, हे दवाखान्याला माहीत असतं. इन्सुलिन कुठे, दम्याचा पंप कुठे, अंथरुणाला खिळलेलं कोण. मॅडम म्हणाल्या, "लोगों की बीमारी मैं बाहर नहीं दूँगी."

"बीमारी नको मॅडम. किती माणसं लागतील तेवढं सांगा."

मॅडमना ते पटलं. चौकीच्या भिंतीवर टाउनशिपचा नकाशा लागला. उचलून न्यायचा पेशंट तिथे लाल टाचणी, हात धरून न्यायचा तिथे पिवळी. नाव नाही, रोग नाही. नुसता क्वार्टर नंबर. आम्ही स्ट्रेचर घेऊन सराव केला. पेशंट मी व्हायचे. दोनदा पाडलं मला.

मग तो दिवस आला. रात्रभर पाऊस होता. सकाळी वायरलेसवर हुकूम आला, खालची लाइन रिकामी करा. नकाशाप्रमाणे निघालो. काम चांगलं चाललं. कुठे थांबावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. दहाच्या सुमारास शेवटच्या लाल टाचणीच्या घरी पोचलो. उचलून न्यायचा पेशंट. दोन माणसं लागतील.

जिन्यात एक धिप्पाड माणूस पाठीवर लोखंडी कपाट घेऊन वरच्या मजल्यावर चढत होता. एकटा.

"ढोले वेल्डरचं घर हेच का?" इंगळ्यांनी विचारलं. कोणत्या नंबरात कोण राहतं हे त्यांना ठाऊक होतं.

"मीच ढोले," कपाटाखालून आवाज आला. "थांबा, हे ठेवून येतो."

आम्ही स्ट्रेचर धरून उभे. मला हसू आलं. इंगळ्यांना आलं नाही. ढोले खाली आला, स्ट्रेचर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याची बायको सुनंदा दारात आली होती. 

इंगळे लगेच म्हणाले, "कार्ड तुझं. औषध कोण घेतं?"

त्यांना हे इतक्या पटकन कसं सुचलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

सुनंदा रडायलाच लागली. "माझी मावशी घेते. तिनंच मला वाढवलं. सासूचं नाव कार्डावर चढतं, मावशीचं नाही चढत. म्हणून हे दवाखान्यात जाऊन स्वतःलाच साखर आणि दमा आहे म्हणून सांगतात."

"आणि लघवीची तपासणी?"

"बाटली मावशीची जायची," ढोले जमिनीकडे बघत म्हणाला. "साहेब, नोकरी जाईल माझी."

"आधी मावशी जाईल. कुठे आहे ती?"

मावशी सोनागिरीत होती, टाउनशिपबाहेरच्या वस्तीत. नाल्याला लागून एका गल्लीत खोली. जावयाच्या घरी राहणार नाही म्हणायची. पाय सुजलेले, चार पावलं चालली की दम लागायचा. आम्ही भलत्याच घरी उभे होतो आणि पाणी तिकडे चढत होतं.

इंगळ्यांनी वायरलेस उचलला. "कंट्रोल, सेक्शन दोन सोनागिरीकडे निघालंय. ओव्हर."

"सेक्शन दोन, सोनागिरी आपला एरिया नाही. ओव्हर."

"पेशंट आपल्या नकाशावरचाच आहे. टाचणी चुकीच्या घरात लागली. ओव्हर अँड आऊट."

गल्लीत पाणी कमरेला लागत होतं. स्ट्रेचर वळेना, ते तिथेच सोडलं. मावशी खोलीत टेबलावर बसली होती, मांडीवर इन्सुलिनचं गाडगं. फ्रिज नव्हता, ओल्या फडक्यात गुंडाळून ती बाटली गाडग्यात ठेवायची. ओठ निळे पडले होते. तरी ढोलेला बघून बोललीच.

"आले का जावई. लघवीची बाटली... रिकामी परत आणलीत?"

"मावशी, आत्ता बोलू नका."

"मग केव्हा बोलू? मेल्यावर?"

ढोले पाठ वाकवून उभा राहिला. इंगळ्यांनी त्याला बाजूला केलं. "गटारं कुठे उघडी आहेत ते तुला माहीत आहे. तू पुढे हो, पायानं चाचपत चल. मी तुझ्या मागे." बरोबरच होतं ते. गल्ली माहीत असलेला माणूस पुढेच पाहिजे. मावशी वजनाला हलकी नव्हती. इंगळ्यांनी तिला पाठीवर घेतलं. मी गाडगं डोक्यावर धरलं आणि मागून तिला आधार दिला.

"मावशी, गळा जरा सैल धरा," इंगळे म्हणाले. "मला मारून कुठे जाणार?"

"नवऱ्यानं... कधी नाही उचललं," मावशी म्हणाली.

चढावर शाळा होती. तिथे डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. इंगळ्यांनी मावशीला बाकावर ठेवलं, मॅडमनी औषध चालू केलं. इंगळे बाहेर पायरीवर बसले आणि पट्टा सैल केला.

"जवान, रिपोर्ट दे."

मी वायरलेस घेतला. "कंट्रोल, शेवटची लाल टाचणी शाळेत पोचली. ओव्हर."

"शाबास, सेक्शन दोन."

हे सांगायला वळले तर इंगळे खांबाला टेकले होते. झोपले असं वाटलं. मी हाक मारली. मॅडम धावत आल्या. त्यांनी करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

शर्टाच्या खिशात कागदाची पुडी निघाली. आमच्याच दवाखान्याची. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. वर नाव कारखान्यातल्या एका फिटरचं होतं. इंगळ्यांना कार्ड नव्हतं, आणि छातीचं दुखणं सांगितलं असतं तर ड्यूटी बंद झाली असती. मॅडमनी नाव वाचलं, पुडी उलटी केली आणि माझ्या हातात दिली. काही विचारलं नाही. मीही पुडी कुणाला दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी ढोले आपणहून मॅडमकडे गेला आणि सगळं सांगून आला. कुणी बोलावलं नव्हतं. मॅडम तासभर ओरडल्या. नोकरी गेली नाही. त्यानंतर दवाखान्यातून क्वार्टरवर येणारी नर्स आधी विचारायची, औषध कोण घेतं आणि ते माणूस राहतं कुठे. कार्ड कुणाचं ते विचारायची नाही. लोक खरं बोलायला लागले. नकाशाच्या बाहेर सोनागिरीच्या बाजूला कागद जोडावा लागला, इतक्या टाचण्या वाढल्या. मावशी शेवटी ढोलेकडे राहायला गेली आणि पुष्कळ वर्षं जगली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून रोज भांडायची. इंगळ्यांचा विषय निघाला की मात्र भांडण थांबायचं.

पुढे मी सेक्शनची नाईक झाले. आमच्या नकाशावर उचलायची माणसं होती, उचलणारी नव्हती. म्हणून पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांना रांगेत फॉल इन करून मी प्रत्येकाला विचारायचे, खिशात काय आहे.

"तंबाखू आहे, बाई."

"बायकोचा फोटो."

"दाखव. गोळ्या तर नाहीत ना?"

एकदा रामकिशन नावाच्या सैनिकाच्या खिशात तशाच गोळ्या निघाल्या, दुसऱ्याच्या नावाच्या. आमच्यात सगळ्यात दांडगा तो. मी त्याला वायरलेसजवळ बसवलं. चारचौघांत म्हणाला, "बाईनं माझी इज्जत घालवली." कोरड्या कपड्यांनी घरी गेला. आजही बाजारात दिसला की तोंड फिरवतो.

फिरवू दे. इंगळ्यांना कुणी विचारलं नव्हतं.