दुसऱ्या गावातल्या काकू

"उजेडाकडे बघ बाळा," असं म्हणत काकू कुठल्याही मुलाची हनुवटी दोन बोटांत धरायच्या आणि त्याचा चेहरा खिडकीकडे वळवायच्या. नाव काय, कितवीत आहेस, कुणाचा, हे सगळं नंतर. आधी डोळे. बारशाला गेल्या तरी तेच आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला गेल्या तरी तेच. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. "काकू, लाडू तरी घ्या आधी."

ऐंशीच्या दशकात तुम्ही बदलापुरात राहिला असाल तर त्या तुम्हाला रस्त्यात दिसल्या असतील. उंच, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी. नवरा झांबियात सरकारी शाळेत गणित शिकवायचा. तो तिकडेच वारला आणि काकू एक ट्रंक घेऊन परत आल्या. अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या मदतनीस म्हणून जात. आम्ही त्यांना आफ्रिकावाल्या काकू म्हणायचो. सिंह पाहिलात का, हे त्यांना प्रत्येकाने निदान एकदा विचारलेलं होतं. त्या म्हणायच्या, "एकदा. झोपला होता."

मी तेव्हा बदलापूर गावातल्या प्राथमिक शाळेत नवीनच लागले होते आणि काकूंच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत होते. स्नेहसंमेलनाला पाहुणे कोण बोलवायचे यावर बैठक झाली तेव्हा मीच त्यांचं नाव सुचवलं. आफ्रिकेतल्या मुलांच्या आरोग्यावर आणि शिक्षणावर जे संशोधन झालं त्यात त्यांनी काम केलंय, असं मी सांगितलं. मुख्याध्यापक खूश झाले. आमच्या नाच बसवणाऱ्या बाई त्याहून खूश झाल्या. "मग पाहुण्यांच्या सन्मानार्थ आफ्रिकन डान्स!" त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सामान आणायला उल्हासनगरच्या बाजारात आम्ही दोघी गेलो. सिंधी दुकानदाराने विचारायच्या आधीच काळं कापड, हिरव्या कागदाच्या झिरमिळ्या आणि हाडांसारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या माळा समोर टाकल्या. "जंगली डान्स है ना मॅडम? ये ले जाओ, हर स्कूलवाले यही ले जाते हैं." परतताना बाई मला म्हणाल्या, "मुलं मी गावातली घेतलीयेत. मुळात काळीच आहेत, काजळी कमी लागेल." असं बोलून त्या हसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. आजारी मुलाला स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायच्या.

संमेलनाच्या संध्याकाळी काकू पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. पडदा सरकला आणि आठ-दहा मुलं तोंडाला काजळी फासून, कमरेला झिरमिळ्या बांधून, काठ्या आपटत, ओरडत आली. मधोमध एक नकली हंडा ठेवला होता आणि त्यात एका गोऱ्या मुलाला साहेबाची टोपी घालून बसवलं होतं. लोक हसून हसून बेजार झाले. पुढच्या ओळीत एक मुलगी नाचत होती. सावळी म्हणून दरवर्षी ती मागच्या रांगेत असायची. यंदा ती पुढे होती आणि जीव तोडून नाचत होती.

मी काकूंकडे बघायचं टाळलं. तरी एकदा नजर गेलीच. त्या ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर होते. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा त्याही वाजवत होत्या, फार हळू. यांना मीच घरून आणलं होतं, हार घालून पुढे बसवलं होतं.

भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी माइक स्वतः धरला. काकू म्हणाल्या, "मुलांनी मेहनत घेतली. मी तिकडे मुलांची वजनं करायला होते. एवढंच माझं काम." आणि खाली बसल्या. मुख्याध्यापक माइक धरून तसेच उभे राहिले. भाषणात सिंह आलाच नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर काकू घरी निघाल्या असतील असं मला वाटलं. त्या रंगमंचामागे होत्या. कुणाकडून तरी खोबरेल तेल मागून घेतलं होतं आणि एकेका मुलाचं तोंड पुसत होत्या. काजळी डोळ्यांत गेली होती, दोघं-तिघं रडत होते. पुढच्या ओळीतली ती मुलगी मात्र पुसून घ्यायला तयार नव्हती. आईने आधी बघावं असं तिला वाटत होतं. तिची आई आली, बघून हसली आणि मला म्हणाली, "बाय, पोरीचा तोंड धुवाला पानी हाय का?"

काकूंनी मुलीची हनुवटी धरली. "उजेडाकडे बघ बाळा."

"काकू, तिकडची मुलं अशीच दिसतात ना?" मुलीने विचारलं.

"नाही गं. ती निळा गणवेश घालून शाळेत येतात. तुझ्यासारखाच. काहींना बूट नसतात."

"मलापण नाहीत," मुलगी आनंदाने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माफी मागायला म्हणून मी काकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी दोन वाक्यं बोलले.

"माझी माफी?" त्या म्हणाल्या. "बस खाली. माझी कसली माफी मागतेस तू!"

मग तांदळातून नजर न उचलता त्यांनी सांगितलं. ते संशोधन एका परदेशी विद्यापीठाचं होतं. मुलांना दूध आणि अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या तर तब्येत किती सुधारते, शाळेत किती फरक पडतो, हे बघायचं होतं. त्यासाठी दोन गावं घेतली होती. एका गावात सगळं द्यायचं. दुसऱ्या गावात काहीच द्यायचं नाही, फक्त मोजायचं. दोन्हीकडे दिलं तर फरक कळणार कसा? काकूंना दुसरं गाव मिळालं होतं. त्या तिथली भाषा शिकल्या. महिन्यातून एकदा जीपमधून काटा घेऊन जायच्या आणि मुलं रांगेत उभी राहायची.

"त्यात एक चांदा म्हणून मुलगी होती. तिकडे असतं ते नाव, पण मला आपलंच वाटायचं. सात-आठ वर्षांची असेल. एकदा आम्हाला निघायला उशीर झाला. दिवस मावळत होता. बघते तर चांदा आईचं लुगडं धरून चालतेय आणि वाटेतल्या पाटावर अडखळली. मला कळलं. पुस्तकात वाचलेलं होतं. अंधार पडला की दिसत नाही, मग हळूहळू डोळा जातो."

"मग?"

"मग मी संशोधनाच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नोंद करा, आत्ता मध्ये पडलो तर सगळी मेहनत फुकट जाईल. माणूस चांगला होता गं. त्यालाही वाईट वाटलं." काकूंनी एक खडा बाजूला काढला. "कॅप्सूलचा डबा जीपमध्येच होता. पहिल्या गावाचा. माझ्या पायाशी. मी दिली नाही."

मी मूठभर तांदूळ माझ्यापुढे ओढले.

"नोकरी जाईल म्हणून नव्हे. तसं असतं तर बरं झालं असतं. मला खरंच वाटलं होतं की यातून पुढे पुष्कळ मुलांचं भलं होईल. झालंही असेल. पण पावसानंतर गावात गोवर आला आणि चांदाचा एक डोळा गेला. दुसऱ्याने धूसर दिसायचं. आम्ही निघालो तेव्हा तिच्या आईने मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. टोपलीभर. मी घेतल्या." मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी मुलांना काजळी लावलीत. ती तेलाने निघाली."

मी गेले होते लाज उतरवायला आणि दुप्पट घेऊन आले. त्यात भर म्हणजे पुढच्या वर्षी लोकाग्रहास्तव तोच नाच पुन्हा झाला. काकूंना बोलावलं नव्हतं. मी पडद्याची दोरी ओढायला होते.

दवाखान्यात काकू मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस पाजत. कारखान्यातल्या कामगाराचं पोर असो की डॉक्टरांचा भाचा, त्यांच्या हातून कुणी सुटत नसे. "याला गरज नाहीये हो," डॉक्टर म्हणायचे. "असू दे. एखाद्याला जास्त गेलं चालेल," काकू म्हणायच्या. डॉक्टर डोक्याला हात लावायचे, पण थांबवायचे नाहीत. डोस कुणाला कधी दिलाय, हे काकूंना पक्कं ठाऊक असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, साठी ओलांडल्यावर, काकू एकट्या झांबियाला जाऊन आल्या. नवऱ्याचे एक जुने सहकारी तिथे होते, त्यांच्याकडे उतरल्या. कशाला जाताय, असं सगळ्यांनी विचारलं. मला माहीत होतं. परतल्यावर जेमतेम वर्षभर त्या बदलापुरात होत्या. मग बहिणीकडे नागपूरला गेल्या आणि तिकडेच वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं. त्यांच्या ब्लॉकमध्ये आता अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या कारखान्यातले एक सुपरवायझर राहतात.

त्या परत आल्या त्या आठवड्यात मी त्यांना भेटले होते. "चांदा भेटली?" मी विचारलं.

"भेटली. बाजारात सुकी मासळी विकते. दोन मुलं आहेत. मी नाव सांगितलं तर तिला काही आठवेना. जीपचा ड्रायव्हर आठवत होता, तो साखर द्यायचा म्हणून. मग शेजारची म्हातारी म्हणाली, अगं ही ती वजनवाली. तेव्हा तिला ओळख पटली. हसली. मला हाताला धरून घरी घेऊन गेली."

"तुम्ही सांगितलंत तिला? त्या डब्याचं?"



"मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती आत गेली. धाकट्याला घेऊन आली. त्याचा सदरा काढला, चपला काढल्या आणि त्याला माझ्यासमोर सरळ उभं केलं. वजन करायला."

"मग?"

"माझ्याकडे काटा कुठला? मी त्याला उचलून घेतलं. तो अंग चोरून, न हलता राहिला. आईने सांगितलं असणार, हलायचं नाही म्हणून. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय सांगते याची वाट बघत. मी म्हटलं, छान आहे." काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या भिंतीकडे वळल्या. "खरंच होता गं. चांगला जड होता."