रीळ एकच होतं

आमच्या प्राचार्यांचा विषय निघाला की लोक त्यांच्या शिस्तीचं कौतुक करतात. माझ्या मात्र अजूनही तळपायाची आग मस्तकाला जाते.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. बुलढाण्याकडच्या एका कॉलेजात वृत्तपत्रविद्येचा वर्ग निघाला आणि तो माझ्या गळ्यात पडला. टेपरेकॉर्डर आला, त्याच्यापुढे नारळ फुटला आणि प्राचार्यांनी तो कपाटात कुलूपबंद केला. मुलांना शिकवायचं कसं? तर म्हणे, "फळ्यावर आकृती काढा." फळ्यावर कुणी पोहायला शिकतं का? भांडून भांडून मी यंत्र बाहेर काढलं. पण रीळ एकच. दुसरं मागितलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी बघू."

वर्गात संग्रामपूरकडची एक मुलगी होती. पहिल्या दिवशी यंत्राला हात लावायला घाबरणारी ती पोर दिवाळीपर्यंत डोळे मिटून रीळ चढवायला लागली. नागपूरच्या रेडिओला बायकांच्या कार्यक्रमासाठी वऱ्हाडी बोलणारी, यंत्र येणारी मुलगी हवी होती. त्यांनी नमुना मागवला. बापानं तिला बजावलं होतं, "नवकरी लागली तं ठीक, नाही तं घरी ये." आम्ही यंत्र एसटीत मांडीवर घेऊन संग्रामपूरच्या बाजारात गेलो, एका दुकानदाराकडून वीज मागितली आणि तिनं भाजीवाल्या बायांना बोलतं केलं. एक म्हातारी तर यंत्रालाच दटावत होती, "काऊन बे, आयकून राह्यला का झोपला?" इतकं जिवंत काम मी स्वतःही कधी केलं नव्हतं.

टेप पाठवायची त्याच्या आदल्या दिवशी मी लग्नाला देऊळगाव राजाला गेलो होतो. इकडे संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार. प्राचार्यांना त्यांचं भाषण टेप करून हवं होतं. यंत्र कोणाला येतं? तिलाच बोलावलं.

दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा ती वर्गाच्या पायरीवर बसली होती.

"सर, म्या सांगतलं, याच्यावर माह्या बाया हायेत. ते म्हणे, रीळ कॉलेजचं हाय. तुले परीक्षेले बसाचं हाय ना?"

तिच्या बाया तिच्याच हातानं पुसून घेतल्या होत्या. मुदत त्या दिवशी संपत होती.

मी तरातरा प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. तिथे भाषण वाजत होतं.

"या, या! आवाज काय स्वच्छ आलाय! पोरीला चांगलं तयार केलंत हो."

माझ्या तोंडून शिवी गेली. सगळ्या कॉलेजनं ती ऐकली. माफी मागा म्हणाले, मी मागितली नाही.

परीक्षा झाली आणि बाप तिला घेऊन गेला. ते भाषण पुढे कुणीही, अगदी अध्यक्षांनीसुद्धा, दुसऱ्यांदा ऐकलं नाही.