तळ्यातला की खाडीतला

आज बाजारात कोळणीच्या पाटीत दोन जिताडे शेजारी शेजारी निजले होते. एक खाडीतला, चांदीसारखा लखलखीत, अंगाने शिडशिडीत. दुसरा तळ्यात पाळलेला, काळसर आणि गुबगुबीत, माहेरपण करून आलेल्या लेकीसारखा. मी आपली बघतच राहिले.

ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, मासे द्या. परदेशातली लेक फोनवर बजावते, "आई, पाळलेला नको हं. मी इथे सॅमन मासासुद्धा समुद्रातलाच घेते."

"कुठला देऊ काकू? का माशांनाच विचारताय?" कोळीण हसली.

एक भरती-ओहोटीशी झुंजत वाढला, दुसऱ्याला कुणी रोज हाताने खाऊ घातलं. कमी कुणाला म्हणायचं? आमचे हेच बघा ना. जन्मभर खाडीतल्यासारखे धावले, आता घरात बसून मी वाढेन ते खातात. तेही चार घास.

दोन्ही घेतले. दोन पातेल्यांत दोन कालवणं केली, तेल बेताचंच. आमच्याकडे माशाचं डोकं घरच्या कर्त्याच्या ताटात पडतं. पण आजारपणापासून ते मांजरीलाच जात होतं. आजही मी दोन्ही डोकी तिच्यासाठी बाजूला काढली.

ह्यांनी दोन्ही कालवणं चाखली, भात कालवला, पुन्हा मागितला.

"बरा कुठला?" मी विचारलं.

"थांब, डोकं खाल्ल्याशिवाय कसं सांगू? कुठंय?"

मी दोन्ही डोकी वाढली. लेकीला काय कळवायचं ते अजून ठरत नाहीये. मांजर मात्र माझ्याकडे रागाने बघते आहे.