खिंडीत दिलेली दशमी

जळगाव स्टेशनात गाडी लागली तेव्हा आईने माझ्या हातातली बॅग काढून घेतली, तिची चेन उघडली आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या दशम्या अगदी तळाशी, माझ्या पासपोर्टच्या खाली दाबून ठेवल्या. मी म्हटलं, "आई, पासपोर्टला तूप लागेल." तिने ऐकलंच नाही. "पुनवना आत सराई टाकजो. आन घरना मानसं सोडीसन कोनले देजो नको," एवढंच म्हणाली. आबा, माझे वडील, तिच्या मागे उभे होते. ते गाडीचे डबे मोजत असल्यासारखं तोंड दुसरीकडे करून बघत होते. मी स्पेनला निघालो होतो, आणि माझ्या आईला काळजी कसली, तर दशम्या पौर्णिमेच्या आत संपतील की नाही याची!

तुम्ही धरणगावकडचे असाल तर तुम्हाला सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. आबांची मूठ, माझी, धाकट्या संजूची, आणि आता संजूच्या चिकूची. सगळे गहू एकत्र दळायचे. त्या पिठाचं जे काही होईल, रोट असो की दशम्या, ते घरच्यांनीच खायचं, पौर्णिमेच्या आत संपवायचं, आणि तुकडासुद्धा परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "आमी मोजतस, मंग आमले कोन मोजी?"

मी ठिबक सिंचनाचा माणूस. जळगावात नळ्या, गाळण्या, ड्रिपर यांत दहा वर्षं काढली आणि त्याच कामावर स्पेनच्या आरागोन प्रांतातल्या एका खोऱ्यात येऊन पडलो. तिकडे केळी होत्या, इकडे पीच आणि चेरी. झाडाच्या मुळाशी पाणी थेंबाथेंबानेच जातं, त्यात काही फरक नाही. फरक डोळ्यांना पडला. आपल्याकडे कपाशीच्या शेतात उभं राहिलं की नजर जाईल तिथपर्यंत सपाट, आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. डोंगर म्हणजे लांबून बघायची गोष्ट. इथे खिडकी उघडली की डोंगर अंगावर येतो. पहिले सहा महिने मी पडदे लावूनच झोपलो.

एमिलिओ माझा घरमालक. सत्तरीला टेकलेला, बायको वारलेली, मुलगी माद्रिदला. आयुष्यभर या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटलेलं. निवृत्त झाल्यावर माणूस आराम करेल की नाही? हा दर रविवारी सायकल काढून घाट चढतो. मला त्याने आपली जुनी सायकल दिली आणि म्हणाला, "बेंगा." म्हणजे चल. मी शाळेत सायकलनेच जायचो, त्यामुळे मला वाटलं त्यात काय मोठं. पण आमची ती काळी, जड सायकल आणि सपाट रस्ता कुठे, आणि हे कुठे! चढताना जीव जातो ते परवडलं. उतरताना मात्र माझे हात ब्रेकवर असे आवळलेले असतात की खाली आल्यावर बोटं सरळ होत नाहीत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदीने कापलेली घळ, आणि वर गिधाडं. आपल्याकडची गिधाडं कधीच दिसेनाशी झाली, इथे मात्र डोक्यावर आरामात घिरट्या घालतात. एमिलिओला ती आवडतात. मला वाटतं, ही माझ्यावरच डोळा ठेवून आहेत.

आणि त्या घळीत फोनला रेंज नाही. हे मला सगळ्यात वाईट. आईला माहीत असतं की रविवारी मी सायकलवर असतो. लहानपणी एसटीने कन्नडचा घाट उतरताना ती डोळे गच्च मिटून माझं मनगट धरायची. आता मनगट हाताशी नाही, म्हणून फोन करते. मी घळीतून बाहेर आलो की फोन टुंग टुंग करत जागा होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "पोचना का?" मी पोचलो म्हटल्याशिवाय ती जेवायला बसत नाही, असं संजू सांगतो. खरं-खोटं देव जाणे, पण मी हेल्मेट काढायच्या आधी उत्तर देतो. घळीत शिरताना मला पडण्याची भीती कमी वाटते. आत असतानाच घरून काही वाईट आलं तर, याची जास्त वाटते.

मागच्या वर्षी कानबाईला मी घरी गेलो होतो. विसर्जन झालं, दुसऱ्या दिवशी निघालो, आणि पुन्हा तेच फडकं बॅगेच्या तळाशी. इथे पोचल्यावर रोज सकाळी एकेक दशमी खात होतो. रविवार उजाडला तेव्हा दोन उरल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. म्हटलं, खिंडीत बसून खाऊ, हिशोब पूर्ण. जर्सीच्या मागच्या खिशात फडक्यासकट ठेवल्या आणि एमिलिओच्या मागे निघालो.

त्या दिवशी ऊन फार होतं. शेवटच्या वळणांवर एमिलिओ मागे पडला. असं कधी होत नाही, नेहमी मीच मागे असतो. खिंडीत पोचून मी वळून बघितलं तर तो सायकलवरून उतरून ती ढकलत येत होता, तीही तिरकी. जवळ आला तेव्हा घामाने निथळत होता, हात थरथरत होते, आणि मला माझ्या नावाने हाक न मारता भलत्याच कुणाच्या नावाने मारत होता. मी माझी सायकल टाकून त्याला दगडावर बसवलं. आमच्या आबांना साखर आहे. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला की ते असेच होतात, हे मी घरी पाहिलेलं. एमिलिओही इन्सुलिन घेतो आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवतो. मी त्याचे खिसे चाचपले. काही नाही. पुड्या दुसऱ्या जर्सीत राहिल्या होत्या. खिंडीतला बार बंद, दाराला कुलूप. माझ्या बाटलीत नुसतं पाणी. रस्त्यावर एक गाडी नाही. फोन काढला, रेंज नाही.

आणि मागच्या खिशात गुळाच्या दोन दशम्या.

तुम्ही हसाल. एक म्हातारा माणूस समोर बसून डोळे फिरवतोय आणि मी अर्धा क्षण का होईना, विचार करतोय की द्यावी की नाही! मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही, असं मी चारचौघांत नेहमी सांगतो. पण त्या क्षणी मला आईचं ते स्टेशनातलं तोंड दिसलं. मग मी फडकं सोडलं, दशमी पाण्यात भिजवली आणि त्याच्या तोंडात घातली. "खा, बाबा, खा," मी चक्क मराठीत म्हणत होतो. त्याने चावलं, गिळलं. मी दुसरीही भिजवली. सगळी त्याच्या पोटात गेली. माझ्या वाट्याला बोटांना लागलेला गूळ आला.

थोड्या वेळाने त्याचे हात थांबले. माझ्याकडे बघून त्याने माझं नाव घेतलं आणि म्हणाला, "त्रांकिलो, ओम्ब्रे." शांत हो, बाबा. मरता मरता वाचला हा, आणि शांत मी व्हायचं! मला रडूच आलं. मग एक जीप आली, तिने सायकलींसकट आम्हाला खाली नेलं.

जीपमध्ये मात्र माझं मन दुसऱ्याच रस्त्याला लागलं. गहू तर सगळ्यांचे एकत्र दळलेले. मग त्या दोन दशम्यांत कोणाची मूठ होती? आबांची? चिकूची? मी कोणाच्या नावाचं परक्याच्या तोंडात घातलं? असला विचार करू नये, हे कळत होतं. पण कळून वळतं थोडंच! घळ संपली, फोन जागा झाला आणि घरून आलेले तीन मिस कॉल दिसले. नेहमी एक असतो. मी लगेच फोन लावला.

आईनेच उचलला. "पोचना का? कव्हयनी फोन लाई ऱ्हायनू! उद्या पुनव शे. दशम्या सरन्यात का?"

"घरी सगळे बरे आहेत ना?"

"बठ्ठा बरा शेतस. दशम्यासनं सांग."

मी सांगून टाकलं. म्हातारा, साखर, खिंड, दोन्ही दशम्या. मग ती म्हणाली, "तुले सांगेल व्हतं ना मी?" आणि लगेच, "मानूस वाचना का?"

"वाचला."

"मंग आपलाच झाया तो. परकाना पोटात रोट जास का कधी?" आणि मग, तक्रार केल्यासारखी, "त्यानं नाव काय शे? पुढला साल त्यानी बी मूठ टाकनी पडी."

यंदा मला रजा मिळाली नाही. कानबाईच्या आदल्या दिवशी आईने व्हिडिओ कॉल लावला. एमिलिओ माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. आईने सुपात मुठी टाकल्या: आबांची, माझी, संजूची, चिकूची. मग डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "हाई एमिलिओभाऊनी." ते गहू बाकीच्या गव्हांत मिसळून गेले. एमिलिओने मला विचारलं, ती काय करतेय? मी सांगितलं, तुझं नाव घेतेय. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आमच्या दोघांच्या मुठीचं पीठ यंदा तिकडे घरचेच खातील. घर म्हणजे काय, असं इथे आलेल्या पोरांपैकी कुणी ना कुणी विचारतंच. मला तेवढंच सांगता येतं: जिथे आपल्या नावाचे गहू बाकीच्यांच्या गव्हांत पडतात आणि मग वेगळे काढता येत नाहीत. काळजी काही कमी झालेली नाही, उलट वाढली. आता निघण्याआधी मी त्याचेही खिसे चाचपतो, साखरेच्या पुड्या मोजतो. तो वैतागतो. उतारावर तो पुढे सुटला की मी मागून ओरडतो, "हळू!" आणि माझे हात ब्रेकवर पहिल्यापेक्षा जास्त आवळलेले असतात.

परवाच्या रविवारी कधी नव्हे तो मी आधी घळीतून बाहेर आलो, फोन टुंग करून जागा झाला आणि लगेच वाजला. आईच.

"दोन्हीजन पोचनात का?"

मी मागे वळून बघितलं. एमिलिओ शेवटचं वळण घेऊन येत होता. तो माझ्यापाशी येऊन थांबेपर्यंत मी उत्तर दिलं नाही.

"पोचनूत, माय," मी म्हटलं. "आता तू जेवी ले."