दोन निवेदनं

कारखान्यात तिला बातमीबाई म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर मॅडम. एकोणीस वर्षं तिने एका वर्तमानपत्रात उद्योगधंद्यांच्या बातम्या लिहिल्या होत्या. पाण्याचे पंप बनवणाऱ्या या कंपनीचे तर तीनदा वाभाडे काढले होते. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्या मालकांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाहेरून चुका दाखवणारे मला ढिगाने मिळतात. आत येऊन दाखवा की." ती आली. सहा वर्षांत मालकांच्याच खुर्चीत बसली आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. वर्तमानपत्रात चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा खुलासा छापला की सुटका व्हायची. इथे खुलासा छापायला जागा नव्हती.

जुनी एक सवय मात्र सुटली नव्हती. निकाल उशिरा येणार असला, की पत्रकार दोन्ही बातम्या आधीच लिहून ठेवतात. जिंकल्याची आणि हरल्याचीही. कंपनीतही ती तेच करायची. नवरा दातांचा डॉक्टर. आजारी पडला की तो विचारायचा, "माझ्यावरही दोन लिहून ठेवल्यास का गं? बरा झाला आणि गेला?"

"एकच लिहिलीय," ती म्हणायची. "कुठली ते विचारू नकोस."

कारखान्यातले निम्मे पंप एकच ग्राहक घ्यायचा. तो करार पुढे चालू ठेवणार की नाही, हे त्या शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत कळणार होतं. तिने सकाळीच दोन निवेदनं लिहिली. एकात काम चालू राहणार होतं. दुसऱ्यात जोडणी विभाग बंद, आणि सोबत एकशे चाळीस जणांची यादी. दोन्ही प्रिंटरला पाठवली आणि तेवढ्यात फोन आला. दहा मिनिटांनी बाहेर जाऊन बघते, तर ट्रेमध्ये पहिलं निवेदन तेवढं होतं. दुसरं नव्हतं. यादीही नव्हती.

प्रिंटरची झाकणं उघडून झाली, केराची टोपली उपसून झाली. सेक्रेटरीला विचारावं, तर काय हरवलंय ते सांगावं लागणार. खालून येणारा यंत्रांचा आवाज नेहमीपेक्षा कमी वाटला. ती काचेपाशी गेली. यंत्रं चालूच होती. दोन बायका डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. त्यातल्या एकीने वर पाहिलं तशी ती झटकन मागे सरली.

तिने नवऱ्याला फोन लावला. "कोणीतरी नेलंय रे."

"पेशंट आ करून बसलाय माझा. काय नेलंय?"

"कागद. ती यादी."

"मग घाम पूस आणि बसून राहा. धावाधाव केलीस तर सगळ्यांना कळेल."

ती बसून राहिली. दर पावलाच्या आवाजाला दचकत.

दीड वाजता जोडणी विभागाचा फोरमन वर आला. एकतीस वर्षांची नोकरी; सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा, तीसुद्धा. त्याने दार लावून घेतलं आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेले कागद काढून टेबलावर ठेवले.

"पाळ्यांचं वेळापत्रक छापलं होतं. त्यात हे आले."

"मामा, अजून काहीच ठरलेलं नाही. मी नेहमी दोन्ही लिहून ठेवते. हे बघा, काम चालू राहणार असल्याचं."

त्याने चष्मा लावला, सावकाश वाचलं, कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"ह्यात नावं नाहीत."

"ह्याला कशाला लागतील नावं?"

"तेच म्हणतोय. माझं सतरावं आहे. लेकीचं एकशे चौथं. यादी कोणी केली?"

"मी."

"कशावरून?"

असा प्रश्न टाकून गप्प बसायचं, हे ती आयुष्यभर करत आली होती. समोरचा माणूस चुळबुळ करून शेवटी खरं सांगून टाकायचा. आता मामा गप्प बसला होता.

"वय, पगार आणि रजा," ती म्हणाली.

"रजा बायकोच्या आजारपणातल्या."

"माहीत आहे मला."

"असणारच. हॉस्पिटलात आला होतात तुम्ही."

"कोणाला दाखवलंत का हे?"

"अजून तरी नाही."

फोन वाजला. तिने रिसीव्हर उचलला. पलीकडचा माणूस हवापाण्यापासून सुरू झाला. ती नुसती हो, हो म्हणत राहिली. शेवटी तिने फोन ठेवला.

"करार झाला, मामा. दोन वर्षांचा. कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही."

"चांगलं झालं. खाली येऊन सांगा, सगळे वाट बघतायत."

"ही यादी मी फाडून टाकते."

"टाका की," तो म्हणाला आणि उठला.

जिन्यात त्याने तिला पुढे जाऊ दिलं. पाठीमागे त्याची पावलं ऐकत ती उतरली. पंप ठेवायच्या लोखंडी फळीवर उभं राहून तिने निवेदन वाचलं. टाळ्या झाल्या, कोणीतरी शिट्टी मारली. मामा गर्दीतून वाट काढत आपल्या लेकीपाशी गेला. ती जोरजोरात टाळ्या वाजवत होती. त्याने वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचे हात थांबले. तिने मान वर करून फळीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग ती शेजारच्या बाईकडे वळली.