वडिलांचा वस्तरा आणि माझी मिशी

माझा धाकटा भाऊ ही हकीगत लग्नाच्या पंगतीत सांगतो आणि चुकीची सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून रजा उकळण्यासाठी मी वडिलांना जिवंतपणी मारले. मी त्यासाठी एका दिवसाचीही रजा घेतली नाही. माझे मेहुणे म्हणतात की लातूरला जाऊन मला साहेबी थाट सुचला आणि मी हौसेने मिशी उतरवली. हेही खोटे आहे. माझा अपराध या दोघांनी सांगितलेल्या अपराधांहून वेगळा आहे, आणि तो दुसऱ्याने चुकीचा सांगावा हे मला मान्य नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेरीत टेबले आली होती, कपाटे यायची होती. माझे बिऱ्हाड नांदेडलाच होते. मी लातूरला एका गल्लीत खोली घेऊन एकटा राहत होतो. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि गल्लीत चार दिवसांआड टँकर येई. अशातच वडील तापाने अंथरुणाला खिळल्याचे पत्र आले. शेजाऱ्यांना सांगून मी नांदेडला गेलो आणि पंधरवडाभर त्यांच्या उशाशी बसलो.

वडील आयुष्यभर वस्तऱ्याने स्वतःची दाढी करीत आले. ताप उतरला, पण हाताला कंप राहिला. निघण्याच्या दिवशी त्यांनी हस्तिदंती मुठीचा तो वस्तरा माझ्या हातात ठेवला.

"हे आता माझ्याच्यानं होत न्हाई. तू शिक. वस्तरा झोपवून धर, उभा धरलास की चावतोय. कातडं ताणून धर. आन् पाणी लई लाव. दाढी भिजली की निम्मं काम पाणीच करतंय."

"हे काय शिकायचं असतं, दादा?" मी म्हणालो.

वस्तरा घेतला आणि त्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा खुंटीवरच विसरून आलो.

लातूरला उतरल्यावर नाक्यावरच्या न्हाव्याने नेहमीप्रमाणे हाक मारली. चार माणसे बाकावर बसली होती. त्यांच्या देखत मी त्याला सांगितले की यापुढे मला त्याची गरज पडणार नाही, आमच्या घरचा वस्तरा माझ्याकडे आहे. तो म्हणाला, "बरं झालं साहेब. कापसाचा बोळा जवळ ठेवा." बाकावरचे हसले. ते हसणे मी घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पाणी होते अर्धा तांब्या. त्यातच तोंड धुतले, त्यातच दाढी भिजवली. गालावरचा साबण दुसऱ्या हाताने आरसा नीट करेपर्यंत वाळला. वस्तरा भोथट होता आणि मी तो उभा धरला होता. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आले. ते मी सोसले. पण वरच्या ओठाशी येताना पाते अडखळले आणि मिशीचा डावा कोपरा गेला. मग उजवा त्याच्याशी जुळवला. तो जास्त गेला. पुन्हा डावा. असे करता करता नाकाखाली माशीएवढा ठिपका उरला. तो घेऊन कचेरीत जाणे शक्य नव्हते. मी तोही काढला.

ज्याचा बाप हयात आहे त्याने मिशी उतरवायची नाही, हे आमच्याकडे शिकवावे लागत नाही. आरशात पाहताना मला ते आठवले. पण तोपर्यंत मिशी गेली होती.

दार उघडले तर कचेरीचा शिपाई सायकल धरून उभा. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि सायकल भिंतीला टेकवली.

"साहेब, वडील गेले?"

एवढाच प्रश्न होता, आणि त्याला "नाही" एवढेच उत्तर होते. पण "नाही" म्हटले की "मग मिशी?" असे तो विचारणार, आणि दुपारपर्यंत ते नाक्यावरच्या बाकावर पोचणार. मी मान खाली घातली. भाऊ सांगतो त्याप्रमाणे मी "वडील वारले" असे शब्द उच्चारले नाहीत. मी फक्त मान खाली घातली. चाळीस वर्षे मी या फरकाच्या आधाराने भांडत आलो आहे, आणि तो आधार पोकळ आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते.

"डोईचं ऱ्हाऊ द्या," शिपाई हळू आवाजात म्हणाला, "नोकरीतल्या माणसाचं मिशीवर भागतंय."

संध्याकाळी परतलो तो माझ्या दारात पाण्याने भरलेली भांडी उभी होती. दिवस करून परतलेल्या माणसाला गल्लीने अंघोळ घालायची आणि त्या दिवशी त्याची चूल पेटू द्यायची नाही, ही तिथली रीत. टँकरला अजून दोन दिवस होते. कुणी कळशी दिली होती, कुणी घागर, कुणी पितळी चरवी. समोर एक म्हातारी मुसलमान बाई राहत. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणे. त्यांच्या घरी सुतक पाळत नसत, तरी त्या स्वतः हंडा घेऊन आल्या.

"न्हाऊन घे बेटा. बाप गेला म्हंजी घराचं छप्पर गेलं."

"खाला, तुमच्या घरी पाणी?"

"हाय हाय. तू न्हा."

मी अंघोळ केली. भाकरी आणि पिठले आले, तेही खाल्ले. सांगायचे असते तर त्या पाण्याला हात लावण्यापूर्वी सांगता आले असते.

आठवड्याने वडील आले. विसरलेला पट्टा पिशवीत घालून ते एस.टी.ने आले आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांनी खालांनाच माझे घर विचारले. "तुम्ही कोण?" या प्रश्नाला त्यांनी खरे उत्तर दिले. मी कचेरीतून परतलो तेव्हा ते खालांच्या ओट्यावर बसून चहा पीत होते आणि भोवती माणसे जमली होती. वडील हसत होते. भावाच्या हकिगतीतले एवढेच खरे आहे.

खोलीत आल्यावर ते हसत नव्हते. त्यांनी माझे तोंड पाहिले, वस्तऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"कुणाकुणाचं पाणी घेतलंस?"

मी सांगितले.

त्यांनी पट्टा खुंटीला अडकवला. टँकर आला त्या सकाळी माझा हंडा घेऊन ते रांगेत उभे राहिले, पुन्हा पुन्हा राहिले, आणि ज्याचे त्याचे पाणी दारी नेऊन ओतले. खाला म्हणाल्या, "दिलेलं पाणी कोण वापस घेतंय, भाईजान?" वडील म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं होतं, आपा. मी जित्ता हाय."

हंडा त्यांच्या हातात थरथरत होता. मी दोनदा मागितला. त्यांनी दिला नाही. प्रत्येक खेपेला पाणी हिंदकळून सांडत होते आणि टँकरपासून खालांच्या उंबऱ्यापर्यंत धुळीत एक ओली रेघ उमटली होती. ज्या पाण्यासाठी बायका भांडत होत्या ते पाणी. ती रेघ वाळेपर्यंत मी दारात उभा होतो. माझा भाऊ त्या दिवशी नांदेडला होता.